सर्व्हरखोलीचा मानकरी

मालवणच्या भरड नाक्यावर काजूवाल्यांच्या संघाची कचेरी आहे. खाली गोदाम आणि वजनकाटा, वर कार्यालय, आणि वरच्या मजल्याच्या टोकाला काचेची एक बंद खोली. वैशाखात सगळं मालवण घामाने चिंब झालेलं असतं, रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा सावलीसाठी दुसऱ्या कुत्र्याशी भांडतं, तेव्हा त्या खोलीत मात्र माणसाला स्वेटर घालावा लागतो. आत एक काळं कपाट, कपाटात हिरवे दिवे लुकलुकणारी यंत्रं, आणि कपाटासमोरच्या खुर्चीत दत्ताराम घाडी. अंगात तपकिरी स्वेटर, कपाळाला गंध, पाय अनवाणी. खोलीबाहेर चपला काढायच्या हा नियम त्याचाच. धूळ आत जाते, असं कारण तो सांगतो. पण चपला काढून आत आलेल्या माणसाचे हात आपोआप जोडले जातात हे त्याला पहिल्याच आठवड्यात दिसलं, आणि त्यानंतर धुळीची गोष्ट मागे पडली.

घाडी म्हणजे आमच्याकडे देवाशी बोलणारं घराणं. देवळात गाऱ्हाणं घालायचं ते घाड्याने, बाकीच्या गावाने मागून फक्त ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. हा मान थोरल्याकडे जातो. दत्तारामचा थोरला भाऊ बाबू. त्याचा आवाज फुटक्या पिंपासारखा. गाऱ्हाण्यात तो शब्द विसरतो, दोन देवांची नावं एकमेकांत मिसळतो, मधेच खोकतो. मसुऱ्याची त्यांची वाडी त्या खोकल्यालाही भक्तिभावाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणते. दत्तारामचा आवाज गोड, पाठांतर चोख, पण तो जन्मला दुसरा. इतका चांगला आवाज घेऊन त्याने उमेदीची सगळी वर्षं गर्दीत उभं राहून होकार भरला. गळ्यात असं काही अडकून राहिलं की ते कुठून तरी वाट काढतंच. दत्तारामचं ते संघाच्या सर्व्हरमधून बाहेर पडलं.

संघात तो वायरमन म्हणून लागला होता. यंत्रं बसवायला कोल्हापूरचा एक इंजिनियर आला, त्याला मालवणचं जेवण मानवलं आणि तो बरेच दिवस राहिला. तो जेवत असताना दत्ताराम शिकला. चांगलं शिकला, हे नाकारता येत नाही. संघाची आठ खरेदी केंद्रं आहेत, वेंगुर्ल्यापासून खारेपाटणपर्यंत. शेतकऱ्याच्या काजूबीचं वजन कुठेही झालं तरी नोंद होते ती मालवणच्या मुख्य डेटाबेसात, आणि तिथून ती आठही केंद्रांवरच्या प्रतींत जाऊन बसते. वारा जरा शिंकला तरी आमच्याकडे लाइन जाते, म्हणून प्रत्येक केंद्राची आपली वेगळी प्रत. मालवणहून नोंदी निघतात त्या एकामागून एक, साखळीसारख्या, आणि केंद्रं त्या आपापल्या वेगाने ओढून घेतात.

दोन-तीन वर्षांनी डेटाबेसाची नवी आवृत्ती येते आणि ती बसवावी लागते. बसवण्याआधी एक तपासणी. साखळीतली शेवटची नोंद सगळ्या केंद्रांना पोचली ना, हे बघायचं. न पोचता आवृत्ती बदलली तर मधल्या नोंदी त्या केंद्रापुरत्या कायमच्या हरवतात. एकदा घाईत तसं झालं होतं, आणि आदल्या संध्याकाळी मसुऱ्याच्या केंद्रावर कोणी पोतं आणलंच नव्हतं, असं तिथला संगणक शपथेवर सांगू लागला. पोतेवाले लोक कोयते घेऊन आले. तेव्हापासून तपासणीला संघात फार मोठं स्थान मिळालं.

आणि तपासणीला वेळ लागायचा. वेंगुर्ल्यासाठी यंत्र ती लांबलचक साखळी शेवटपर्यंत वाचायचं. मग पुढच्या केंद्रासाठी तीच साखळी पुन्हा. मग तिसऱ्यासाठी पुन्हा. सकाळी सुरू केलेलं काम दिवेलागणीला संपायचं, आणि तोवर नवी नोंद होऊ नये म्हणून सगळीकडचे वजनकाटे बंद.

दुसरा कोणी असता तर त्याने या वेळाला शिव्या दिल्या असत्या. दत्तारामने त्याचा उत्सव केला. त्या दिवशी तो उपास धरायचा. कचेरीत कोणी मोठ्याने बोलायचं नाही. आठही केंद्रप्रमुखांनी सकाळपासून फोन कानाला लावून बसायचं. एकेका केंद्राची तपासणी झाली की दत्ताराम डोळे मिटून, थोडा थांबून, भरल्या गळ्याने पुकारायचा, “वेंगुर्ले!” आणि वेंगुर्ल्याच्या केंद्रप्रमुखाने, सुदेश त्याचं नाव, उत्तर द्यायचं, “पोचला!” आपलं नाव पुकारलं जाईपर्यंत कोणी मशीनला बोट लावायचं नाही, हा आणखी एक नियम. गेल्या खेपेला खारेपाटणच्या सत्यवानने आधीच मशीन पुसायला घेतलं, तेव्हा दत्तारामने सगळ्यांच्या देखत त्याला असं झाडलं की सत्यवान चार दिवस जेवताना गप्प होता.

पुकारण्याच्या क्रमावरून भांडणं झाली. खारेपाटण वेंगुर्ल्याच्या आधी का? वेंगुर्ले कुडाळच्या आधी का? शेवटी वार्षिक सभेत ठराव झाला. काजूच्या भावावर त्या सभेत अर्धा तास चर्चा झाली, क्रमावर चार तास. पहिला मान वेंगुर्ल्याला, खारेपाटण सातवं, मसुरे शेवटचं. मसुरे आपलं गाव म्हणून दत्तारामने ते स्वतः मागे ठेवलं आणि आपल्या या विनयाबद्दल तो पुढे दोन वर्षं सांगत राहिला.

यंदा हिवाळ्यात संघाने किशोरीला नोकरीवर घेतलं. वेंगुर्ल्याची मुलगी, संगणकाचं शिक्षण घेऊन आलेली, आणि चपला न काढता आत येऊन “काका, एसी जरा कमी करा ना,” म्हणणारी. नवी आवृत्ती बसवायचा दिवस मे महिन्यात ठरला. त्याच्या दोन दिवस आधी ती खोलीत आली.

“काका, नव्या आवृत्तीची तपासणी करून बघितली. बाजूच्या जुन्या मशीनवर.”

“मगे? दिवस गेलो असतलो तुजो.”

“चहा उकळायच्या आधी झाली.”

“म्हणजे चुकली.”

“चुकली नाही. डेटाबेसवाल्यांनी पद्धतच बदलली. हे बघा, पंगत उठायच्या आधी सगळ्यांना सगळं मिळालं का ते बघायचं आहे. आपली जुनी तपासणी काय करायची? पहिल्या पानापाशी उभी राहायची. मीठ इला? लोणचा इला? भाजी इली? भात इलो? सोलकढी इली? मग दुसऱ्या पानापाशी जाऊन परत मिठापासून सुरुवात. नवी तपासणी एकदाच बघते, शेवटचं काय वाढलं? सोलकढी. मग एकच हाक मारते, सोलकढी कोणाक पोचूक नाय? ज्याच्या पानावर कढी आली त्याला मीठ मिळालेलंच असणार. वाढप क्रमानेच होतं ना.”

दत्ताराम कपाटाकडे वळला. “आनी एकाद्याक कढी नको आसली तर?”

“डेटाबेसात नको म्हणता येत नाही, काका.”

त्याने दार लोटून घेतलं. “ह्या कोणाक सांगलंस?”

“नाही.”

“सांगा नको.”

किशोरी हसली. “मी होऊन सांगणार नाही. पण कोणी विचारलं तर खोटं बोलायची नाही हां.”

दत्तारामला तेवढं पुरेसं होतं. ज्याचं उत्तर आपल्याला समजून घ्यावं लागेल असा प्रश्न संघात आजवर कोणी विचारलेला नव्हता.

ठरल्या दिवशी सकाळी खालच्या गोदामात माणसं पोती घेऊन येऊन बसली. काटे बंद आहेत हे त्यांना तिथे आल्यावर कळलं, कारण सूचना लावली होती ती वरच्या मजल्यावर. कट्टा गावची तुळसा आपल्या एकुलत्या पोत्यावर बसून पान जमवत होती. वर फोनवर आठही केंद्रं हजर झाली. दत्तारामने स्वेटर चढवला. किशोरीने तपासणी सुरू केली, चहावाला पेले ठेवून गेला, आणि पहिला घोट घ्यायच्या आत पडद्यावर निकाल आला. सात केंद्रांना सगळं पोचलं होतं. खारेपाटण मागे होतं. तिथल्या मशीनने कालपासून काही घेतलेलंच नव्हतं.

खरं तर याहून सोपी गोष्ट नाही. सत्यवानला सांगायचं, मशीन चालू कर. पण खारेपाटण सातवं. त्याची पाळी यायची दुपार उलटल्यावर. आताच त्याला सांगितलं तर सगळं आताच कळलं हे उघडं पडणार. मग दिवसभर पुकारायचं काय? आणि सांगितलं नाही तर आज काम होणार नाही. यावेळी चूक झाली तर काम पुण्याच्या कंपनीला देऊ आणि दत्तारामला खाली काट्यावर बसवू, असं अध्यक्ष आधीच बोलले होते. खोटं चाललं तरच मान राहणार होता, आणि खोटं चालवायला खारेपाटण जागं व्हायला हवं होतं.

दत्तारामने दुसऱ्या फोनवरून सत्यवानला गाठलं.

“सत्यवान, बरो आसस मां?”

“बरो आसंय. आमचो नंबर इलो?”

“नाय रे, सहज केलंय. उकाडो काय म्हणता थयसर?”

“कसलो उकाडो! पंखो लावन बसलंय.”

“पंखो खंयच्या प्लगात लावलंस?”

“दत्तारामभाऊ, तुमका थयसून माजो पंखो दिसता?”

“दिसणा नाय. इचारतंय.”

“मशीनीच्या प्लगात लावलंय. दुसरो जळालो ना काल. नंबर येवच्या आदी काडतलंय, काळजी करू नकात.”

“आताच काड.”

“आता? नाव पुकारल्याबिगर मशीनीक हात लावचो नाय म्हणान तुमीच सांगितल्यात. गेल्या खेपेक कसा झाडलात माका, आठवता मां? मी नाय बाबा हात लावणार.”

“अरे, मीच सांगतंय ना!”

“तेव्हा पण तुमीच सांगितल्यात. आनी आयका, मी आता निघतंय. मेवणीचो साखरपुडो आसा राजापुराक. चारपर्यंत येतलंय. आमचो नंबर काय चारच्या आदी येना नाय. किल्ली माजेकडेच आसा.”

दत्तारामने फोन ठेवला. दोन वर्षांपूर्वी सत्यवानला झाडताना आपला आवाज किती छान लागला होता, ते त्याला आठवलं. तो त्या थंड खोलीत येरझाऱ्या घालू लागला. किशोरी म्हणाली, “काका, सरळ सांगून टाका ना. सगळ्यांची सुट्टी होईल.” त्याने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं, की जणू तिने देवळाच्या जागी उपाहारगृह सुचवलं.

शेवटी तो खुर्चीत बसला, डोळे मिटले, आणि सगळ्या केंद्रांच्या फोनवर पुकारलं, “खारेपाटण!”

सत्यवान दारात चपला घालत होता. तो तसाच धावत आला. “पयले आमी?” साखरपुडा, मेहुणी, राजापूर सगळं विसरून त्याने पंख्याचा प्लग उपटला आणि मशीनचा लावला. खारेपाटणचं मशीन जागं झालं, उरलेल्या नोंदी भराभर ओढून घेऊ लागलं. किशोरीने तपासणी पुन्हा केली. आठच्या आठ जागेवर. ती कोणाला न विचारता नवी आवृत्ती बसवायला लागली, कारण तिचं ते कामच होतं.

पण फोनवर तोवर आग लागली होती.

“दत्ताराम, उपास धरलंस की काय खावन इलंस?” वेंगुर्ल्याहून सुदेश कडाडला. “खारेपाटण पयला? ठराव आसा, ठराव! आमच्या बंदरात इंग्रजांची जहाजां लागत होती तेव्हा...”

“आमच्या बंदरात गलबतां येय होती तेव्हा तुमचा वेंगुर्ला माडांच्या मुळांत होता,” सत्यवान म्हणाला. पहिला मान मिळालेल्या माणसाचा आवाज किती लवकर बदलतो!

कुडाळने वेंगुर्ल्याची बाजू घेतली, म्हणून कणकवलीने खारेपाटणची घेतली. अध्यक्ष परशुरामदादा सावंत घरून निघून वर आले, चपला काढल्या, हात जोडले, आणि आपण कपाटाला नमस्कार करतोय हे लक्षात येऊन ते हात खिशात घातले. सगळ्यांना पडद्यावर बोलावून तातडीची सभा भरली. सभा म्हटल्यावर सगळे मालवणीतून शुद्ध मराठीत आले.

“दत्ताराम, क्रम का मोडला?” अध्यक्षांनी विचारलं.

“तांत्रिक अडचण,” दत्ताराम म्हणाला.

हा शब्द आजवर संघात कोणी ओलांडला नव्हता. पण सुदेशचं दुःख मोठं होतं. “अध्यक्ष महोदय, ती मुलगी आमच्या वेंगुर्ल्याची आहे. तिला विचारा. किशोरी, खरा सांग गो. क्रम मोडूक लागता?”

किशोरीने पडद्यावरची नजर काढली. “क्रम असा काही नाहीच आता. सगळी केंद्रं एकदम तपासली जातात. सकाळी चहाच्या आधीच झाली. फक्त खारेपाटणचं मशीन बंद होतं. ते लागल्यावर नवी आवृत्तीही बसली. काटे आत्ता सुरू केले तरी चालतील.”

आठ चौकटींत आठ तोंडं उघडी राहिली. दत्ताराम आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होता. ती थंडीने निळी पडली होती. आता खाली काट्यावर, त्याच्या मनात आलं. आता पोती उचला.

पण माणसं काय ऐकतात आणि कशाने दुखावतात, याचा अंदाज कोणालाच येत नाही.

“एकदम?” सुदेश म्हणाला. “म्हणजे आम्ही आणि खारेपाटण एकाच वेळेला? एका हाकेत?”

“म्हणजे पहिलं कोणीच नाही?” कुडाळने विचारलं.

“आणि सातवंही कोणी नाही,” सत्यवान घाईने म्हणाला, पण त्याच्या स्वरात हळहळ होती. मघाशी मिळालेला पहिला नंबर पुरता अनुभवायच्या आतच रद्द होत होता.

“मशीनला मान कळत नाही, म्हणून माणसांनी सोडायचा का?” कणकवलीने सवाल टाकला. सकाळपासून पहिल्यांदाच वेंगुर्ल्याने मान हलवली. इतकी एकी संघात भाव पडला तेव्हाही झाली नव्हती.

“खाली लोक पोती घेऊन बसलेत,” किशोरी म्हणाली.

“बसू देत. त्यांना सवय आहे,” परशुरामदादा म्हणाले. “इथे प्रश्न तत्त्वाचा आहे.” आणि त्यांनी निकाल दिला. संगणकाने आपलं काम आपल्या सोयीने करावं. घोषणा मात्र ठरावातल्या क्रमानेच होईल, प्रत्येक केंद्राला पूर्वीइतकाच वेळ देऊन, आणि दत्ताराम घाडी यांच्याच तोंडून. शेवटच्या केंद्राची घोषणा होईपर्यंत एकही काटा उघडणार नाही. आज खारेपाटणचं नाव चुकून पुकारलं गेलं ते पुकारलं नाही असं समजावं.

आठ हात वर झाले. दत्तारामवर कोणी रागावलंच नाही. उलट अध्यक्ष जाताना म्हणाले, “तुमचा आवाज आहे म्हणून शोभा आहे, दत्ताराम. पुण्याच्या कंपनीकडे असा आवाज कुठला?”

सुटका झाल्यावर माणसाला तहान लागते. दत्ताराम पाणी प्यायला खाली आला. त्याला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही होता, पण त्या आनंदात खडा लागत होता. आजवर लोक त्याच्या कामाला मान द्यायचे. आता काम राहिलंच नव्हतं, नुसता मान होता, आणि तो त्याला संध्याकाळपर्यंत एकट्याने सांभाळायचा होता.

गोदामात तुळसाने त्याला हाक मारली. “दत्तारामा, झाला काय रे?”

त्याचं तोंड उघडलं, ‘झाला’ म्हणायला. काटा सुरू करायला एक बटण पुरे होतं, आणि ते बटण त्याच्याच हातात होतं. तुळसाचं पोतं वजन होऊन ती उन्हं चढायच्या आत कट्ट्याला पोचली असती. पण एका पोत्याची नोंद झाली की ती आठही केंद्रांवर दिसणार, आणि वेंगुर्ल्याच्या आधी तुळसाचं नाव लागणार.

“होतला, काकी,” तो म्हणाला. “क्रमान होता ता.”

“ता चेडू, वयली ती पोरगी, आताच पानी पिवक इला होता. सकाळीच झाला म्हणान सांगून गेला.”

“झाला तसा. पुकारूचा रवला.”

“काय पुकारूचा?”

“गावांची नावां. वेंगुर्ल्याचो मान पयलो.” हे बोलताना त्याचं त्यालाच ते जरा हलकं वाटलं, म्हणून त्याने पुढे जोडलं, “मानाचो प्रश्न आसा, काकी.”

तुळसाने पानाची पिंक कोपऱ्यात टाकली आणि आपलं पोतं थोपटलं. “मगे एक कर. तुजो तो मान घेवन ये आनी ठेव ह्या पोत्यार. वजन तरी वाढात.”

गोदाम हसलं. दत्तारामही हसला, कारण न हसता तिथे उभं राहणं आणखी कठीण होतं. मग तो जिना चढला, चपला काढल्या, पाय पुसले, स्वेटर घालून खुर्चीत बसला. किशोरी आपल्या जागेवर पुस्तक वाचत होती, तिने मान वर केली नाही. त्याने डोळे मिटले, नेहमीइतका थांबला, आणि कधी नव्हे इतक्या सुंदर आवाजात पुकारलं, “वेंगुर्ले!”

तो आवाज खिडकीतून खाली गोदामापर्यंत आला.

“ह्या कितवा?” तुळसाने विचारलं.

“पयला,” कोणीतरी सांगितलं.

तिने पदर डोक्याखाली घेतला आणि पोत्यावर आडवी झाली.